फेलिनी बघायचाय? मग 'साडेआठ'पासून सुरू करू नका

ओळखीतलं कुणी ना कुणी दर दोन-तीन महिन्यांनी विचारतंच, फेलिनी (फेदेरिको फेलिनी, इटालियन डायरेक्टर) बघायचाय, कुठून सुरू करू? आणि विचारायच्या आधीच पठ्ठ्याने त्याचा 'साडेआठ' (8½) हा पिक्चर लावून अर्ध्या तासात बंद केलेला असतो. माझंही तेच झालेलं. कॉलेजात असताना एका स्क्रीनिंगला गेलो, आजूबाजूचे सगळे हनुवटीला हात लावून गंभीर, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि मध्येच जी डुलकी लागली ती शेवटी बँड वाजायला लागला तेव्हाच मोडली. बाहेर आल्यावर 'काय इमेजेस आहेत यार' म्हणून मीपण मान डोलवली, काय करणार.

तर माझं म्हणणं असं की आपण त्याला डायरेक्टर समजून बघायला बसतो आणि तिथेच गाडी घसरते. तो आधी व्यंगचित्रकार होता. शेवटपर्यंत होता. म्हणून पहिलं काम, पिक्चर लावायचाच नाही. नेटवर त्याची चित्रं शोधायची. फेल्ट पेनने भराभर काढलेली, रंग रेषेबाहेर गेलेले, अवाढव्य बायका आणि त्यांच्यापुढे एवढासा पुरुष, नाकं, हनुवट्या, टोप्या. अर्धा तास नुसतं बघत बसा. त्याचे पिक्चर म्हणजे हीच चित्रं चालायला-बोलायला लागलेली, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आता थोडी हिस्टरी, फार नाही. जन्म २० जानेवारी १९२०, रिमिनी, एड्रियाटिक समुद्राकाठचं गाव. तिथल्या फुल्गोर थिएटरसाठी हा पोरगा नटनट्यांची अर्कचित्रं काढून द्यायचा आणि बदल्यात फुकटात पिक्चर बघायचा. एका चित्रकार मित्राबरोबर 'फेबो' नावाचं दुकान काढलं, फेलिनीचा फे आणि बोनिनीचा बो, तिथे लोकांची चित्रं काढून द्यायचे. १९३९ ला रोमला गेला, 'मार्क ऑरेलियो' नावाच्या विनोदी मासिकात चित्रं आणि मजकूर दोन्ही करायला लागला. १९४४ ला रोम जर्मनांच्या ताब्यातून मोकळं झाल्यावर खिशात पैसे नाहीत, तर याने आणि मित्रांनी 'फनी फेस शॉप' उघडलं, अमेरिकन सोल्जर येणार, समोर बसणार, हे त्यांचं व्यंगचित्र काढून देणार. आणि त्या दुकानात एक दिवस डायरेक्टर रोबेर्तो रोसेल्लिनी आला. त्याला खरं तर आल्दो फाब्रित्सी हा नट हवा होता आणि फेलिनीची फाब्रित्सीशी चांगली ओळख होती, म्हणजे वशिल्यासाठी आला होता म्हणा. त्यातून 'रोम, ओपन सिटी' (१९४५) झाला, फेलिनीचं पटकथेत नाव लागलं आणि ऑस्करचं नॉमिनेशनपण मिळालं. सोल्जरांची थोबाडं काढता काढता माणूस सिनेमात आला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे पन्नास वर्षं तो थोबाडंच शोधत होता.

पहिला पिक्चर लावायचा तो 'इ व्हितेल्लोनी' (१९५३). शब्दाचा सरळ अर्थ मोठी झालेली वासरं, आपल्याकडे म्हणू कट्ट्यावरची टोळी, तिशीला आलेत, आईच्या जिवावर जेवतायत, बहिणीच्या पगारातून सिगरेटी, संध्याकाळी समुद्रावर जाऊन नुसतं बघत उभे. ही पोरं कुठल्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर सापडतील. काही डोकं लावावं लागत नाही, स्वप्नबिप्न काही नाही, आणि तरी थंडीतला रिकामा समुद्रकिनारा, कार्निव्हल संपल्यावर सकाळी बाईच्या कपड्यात दारू पिऊन झिंगलेला नट आल्बेर्तो सोर्दी आणि त्याच्या हातातलं ते कागदाचं मोठं डोकं, हे सगळं आहेच.

दुसरा 'ला स्त्रादा' (१९५४) किंवा 'नाइट्स ऑफ काबिरिया' (१९५७). दोन्ही बघाच, पण एकच जमत असेल तर माझं मत काबिरियाला. दोन्हीत ज्युलिएत्ता मासिना, फेलिनीची बायको, लग्न १९४३ चं. दोन्हींना परभाषेचं ऑस्कर मिळालं आणि काबिरियासाठी तिला कान्सला बेस्ट अॅक्ट्रेस. हे बघताना गोष्टीपेक्षा तिच्या भुवया बघा. खरंच सांगतोय. त्या भुवया सरळ पेन्सिलीने ओढल्यासारख्या आहेत, कार्टूनच्या भुवया. आणि मग शेवटचा सीन. सगळं विकून, पैसे घेऊन ती ज्याच्याशी लग्न करायला निघालेली तोच लुबाडून पळालाय, रात्र झालीय, ती एकटी रस्त्याने चाललीय, आजूबाजूला गिटार-बिटार वाजवत पोरापोरींचा घोळका येतो, डोळ्याखाली काजळाचा एक काळा थेंब ओघळलेला, आणि ती हळूहळू हसायला लागते आणि चालता चालता क्षणभर आपल्याकडे बघते, कॅमेऱ्याकडे. पुन्हा लावून फक्त तो थेंब बघा. जोकरच्या तोंडावर रंगवतात ना अश्रू, अगदी तसा आहे.

मध्येच एक छोटी सुट्टी घ्या आणि नट फेलिनी बघा. हे बहुतेक लोक करत नाहीत. रोसेल्लिनीचा 'लामोरे' (१९४८), त्यातला दुसरा भाग 'मिरॅकल'. आन्ना मान्यानी बकऱ्या राखणारी भोळी बाई, तिला डोंगरात एक अनोळखी माणूस भेटतो, ती त्याला संत जोसेफ समजते, तो तिला दारू पाजतो, पुढे ती गरोदर राहते आणि गाव तिची टिंगल करतं. तो माणूस म्हणजे फेलिनी, केस सोनेरी रंगवलेले, तोंडातून एक शब्द नाही. मूळ गोष्टपण त्याचीच. अभिनय म्हणाल तर मान्यानीपुढे तो नुसता उभा आहे, पण जमलंय. या छोट्या पिक्चरवर न्यूयॉर्कमध्ये बंदी आली, केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली, आणि १९५२ ला कोर्टाने सांगितलं की सिनेमालाही अभिव्यक्तीस्वातंत्र्य लागू आहे.

मग 'ला दोल्चे व्हिता' (१९६०). जवळजवळ तीन तास. एका बैठकीत बघायचा हट्ट नको, तो तसाही एकेका रात्रीच्या तुकड्यांचा बनलाय, दोन रात्रींत बघा. 'पापाराझी' हा शब्द यातल्या फोटोग्राफरच्या नावावरून आला, हे सगळ्यांना माहीत असतं, पण मजा दुसरीच आहे. ज्या व्हिया व्हेनेतो रस्त्यावर हे सगळं चालतं तो फेलिनीने रोमच्याच चिनेचित्ता स्टुडिओत बांधला. खरा रस्ता उताराचा आहे, सेटवरचा सपाट. इथून पुढे बाबाला खरं काही नकोच होतं, जे हवं ते कागदावर काढायचं आणि मग स्टुडिओत उभं करायचं.

आता स्वप्नांचं. याच सुमारास तो एर्न्स्ट बेर्नहार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या पंथातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लागला. त्याने सांगितलं, स्वप्नं पडतात ती काढून ठेव. फेलिनीने ते इतकं मनावर घेतलं की १९६० पासून १९९० पर्यंत तो वह्या भरत राहिला, सकाळी उठून चित्र आणि बाजूला बारीक अक्षरात मजकूर. २००७ ला ते पुस्तकरूपात आलं. त्याला सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखं अतर्क्य दाखवणारा, वगैरे म्हणतात ते यामुळे, पण तो काही घोषणापत्रवाला सर्रिअलिस्ट नव्हता, स्वप्न पडलं ते काढलं, संपलं. तुम्हीपण आठवडाभर करून बघा, उशाशी शंभरपानी वही आणि स्केचपेन. फोनवर टाईप करू नका, अजिबात नाही, टाईप करताना आपण स्वप्नाची गोष्ट करून टाकतो, आधी हे मग ते. चित्र काढताना तसं होत नाही, दार कुठल्या बाजूला होतं आणि मामाच्या अंगात कुठला शर्ट होता एवढंच आठवतं. चित्र येत नसेल तर उत्तमच.

असा आठवडा झाला की आता 'साडेआठ' (१९६३). नाव असं का, तर तोवरचे सहा पूर्ण पिक्चर, दोन छोटे म्हणजे मिळून एक, आणि आल्बेर्तो लात्तुआदा या दुसऱ्या डायरेक्टरबरोबर केलेला एक म्हणजे अर्धा, झाले साडेसात, हा धरून साडेआठ. डायरेक्टरला पिक्चर सुचत नाहीये एवढीच गोष्ट. सुरुवातीची तीन-चार मिनिटं तीनदा बघा. ट्रॅफिक जॅम, हॉर्न नाही, आवाजच नाही, आपल्याला माणसाची पाठ दिसतेय, गाडीत धूर भरतोय, तो काचा बडवतोय, काचेवर हात घासल्याचा तो कुईं कुईं आवाज, आजूबाजूच्या गाड्यांतले लोक नुसते बघतायत. शेजारच्या बसमधून हात लोंबतायत, फक्त हात, डोकी दिसतच नाहीत. मग तो टपावर येतो आणि तरंगत वर, ढगात, आणि पायाला दोरी! खाली किनाऱ्यावर एक माणूस पतंगासारखी ती दोरी ओढतोय. याचा 'अर्थ' काय विचारू नका आणि अर्थ सांगणारे यूट्यूब व्हिडिओ तर लावूच नका. तुमच्या वहीतल्या मामाच्या शर्टाला कुठे अर्थ होता.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून फाईल खराब आहे समजून दुसरी शोधत बसू नका. तेव्हा इटलीत आवाज नंतरच भरायचे, आणि फेलिनी तर कधीकधी नटांना डायलॉगऐवजी नुसते आकडे म्हणायला लावायचा, एकवीस, बावीस, तेवीस, कारण त्याला चेहरा हवा असायचा. इंग्लिश डबिंग टाळा, इटालियन आवाज आणि सबटायटल. आणि नीनो रोताचं म्युझिक असल्यामुळे मोबाईलच्या स्पीकरवर बघणं हे पाप आहे, हेडफोन तरी लावा.

यापुढे रंगीत. 'आमारकोर्द' (१९७३) सगळ्यांना आवडतो, लहानपणचं रिमिनी, तेही स्टुडिओतच बांधलेलं, बर्फात पिसारा फुलवणारा मोर, रात्री होड्यांत बसून वाट बघणारं अख्खं गाव आणि मग दिव्यांनी लखलखणारी 'रेक्स' बोट. तिथलं पाणी नीट बघा, प्लास्टिक आहे. 'कासानोव्हा' (१९७६) मध्येपण प्लास्टिकच्या समुद्रात होडी वल्हवतायत आणि लपवायचा प्रयत्नसुद्धा नाही. 'अँड द शिप सेल्स ऑन' (१९८३) मध्ये तर शेवटी कॅमेरा मागे सरकून स्टुडिओ, हलणारी बोट, कामगार, सगळं उघडं करून दाखवतो. 'सॅटिरिकॉन' मला झेपला नाही, खोटं कशाला बोला, ज्याला झेपेल त्याने बघावा.

'इंटरव्हिस्ता' (१९८७) मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. यात फेलिनी स्वतःच स्वतःचं काम करतो. 'ला दोल्चे व्हिता'चा हीरो मार्चेल्लो मास्त्रोयानी जादूगार मॅन्ड्रेकच्या वेषात येतो, हो तोच, आपला इंद्रजाल कॉमिक्सवाला, फेलिनीला त्याचं भारी वेड. मग सगळे मिळून त्याच पिक्चरमधल्या नटी आनिता एकबर्गच्या घरी जातात, मास्त्रोयानी छडी फिरवतो, पांढरा पडदा येतो, आणि त्यावर ते दोघं 'ला दोल्चे व्हिता'मधले, सत्तावीस वर्षांपूर्वीचे, नाचतायत, कारंज्यात उतरतायत, आणि समोर हे दोघं जाडे, थकलेले, बघतायत. म्हणून सांगतो, 'ला दोल्चे व्हिता' आणि हा लागोपाठ बघू नका. मध्ये सहा महिने जाऊ द्या, वर्ष गेलं तर आणखी चांगलं, तुम्हालाही ते कारंजं थोडं विसरायला हवं.