फायटर आणायच्या आधी थर्मामीटर आणा

फायटर मासा पाळायचा म्हटलं की टाकी, फिल्टर, दाणे, जाळी हे घ्यायला कुणी सांगावं लागत नाही. थर्मामीटर मात्र सांगावा लागतो, कारण तो नसला तरी टाकी पूर्ण दिसते. मागच्या खेपेला माझ्या यादीतून नेमका तोच सुटला. हीटर लावलेला होता, त्याचा लाल दिवा लागत-विझत होता, म्हणजे पाणी ठीक असणारच. मासा दाण्याकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. मग दाणे बदलून झाले, ब्लडवर्म म्हणजे माशांना घालायच्या लाल अळ्या झाल्या, दुसऱ्या डबीतले दाणे झाले, आणि पाणी होतं २१ अंशांवर. म्हणून ही यादी थर्मामीटरपासून सुरू होते आणि मध्येमध्ये त्याच्याकडेच परत येईल. कंटाळलात तरी चालेल, पण तो आणा.

बेट्टा, म्हणजे आपला नेहमीचा फायटर, हा थंड रक्ताचा प्राणी. पाण्याचं जेवढं तापमान तेवढंच त्याच्या अंगाचं. पाणी २४ ते २८ अंशांत, शक्यतो २६ च्या आसपास असेल तर तो हिंडतो, त्याला भूक लागते, खाल्लेलं पचतं. पाणी त्याखाली गेलं की पचन मंदावतं, भूक मरते, आजाराशी झुंजायची ताकदही कमी होते. आपल्याला वाटतं, बिचारा नव्या जागेला बुजलाय. बुजलाही असेल. पण बुजलेला मासा आणि गारठलेला मासा बाहेरून सारखेच दिसतात. दोघंही कोपऱ्यात, दोघंही उपाशी.

हीटरच्या डायलवरचा आकडा म्हणजे पाण्याचं तापमान नव्हे. ती हीटरला दिलेली आज्ञा आहे. तो ती पाळतो की नाही हे बघायला वेगळी वस्तू लागते. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी घेऊ नका, ती पाण्याइतकंच खोलीचंही तापमान मोजते. पाण्यात बुडणारा काचेचा किंवा तार आत सोडायचा डिजिटल घ्या. हीटरच्या शेजारी लावायचा नाही, टाकीच्या दुसऱ्या टोकाला लावायचा. आणि बघायचा सकाळी उठल्या उठल्या. छोटी टाकी दुपारी २७ दाखवते आणि पहाटेपर्यंत कितीतरी खाली येते. दुपारचा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही.

हीटर थर्मोस्टॅटवालाच घ्या, २० लिटरच्या टाकीला २५ ते ५० वॅटचा पुरतो. पाणी रात्रंदिवस आपसूक २४-२८ अंशांत राहत असेल तर हीटरची गरजच नाही. पण राहतंय की नाही, हे कसं कळणार? थर्मामीटर. पाणी आधीच गार असल्याचं लक्षात आलं तर एकदम गरम करू नका, हळूहळू वर न्या. हीटर पाण्याबाहेर चालू राहिला तर त्याची काच तडकू शकते, म्हणून पाणी काढायच्या आधी तो बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

आता टाकी. बरणी, फुलदाणी, गोल काचेचं भांडं, नाही. निदान २० लिटर घ्या. ‘फायटर तर भातखाचरातल्या वीतभर पाण्यात राहतो’ असं कुणीतरी सांगेलच. राहतो, मूळचा थायलंड आणि आसपासच्या भागातला, उथळ, संथ, गवताळ पाण्यातला मासा आहे तो. पण ते पाणी उथळ असलं तरी पसरलेलं असतं, बरणीत कोंडलेलं नसतं. दुसरा युक्तिवाद येतो तो त्याच्या श्वासाचा. त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन वरची हवा घेतो. त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यात तो लगेच गुदमरत नाही, एवढंच. स्वतःच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या दाण्यांतून सुटणाऱ्या अमोनियापासून तो अवयव वाचवत नाही. आणि जितकं पाणी कमी तितकं ते पटकन तापतं आणि पटकन गार होतं, म्हणजे पुन्हा तोच थर्मामीटर.

झाकण हवंच. फायटर उडी मारतो, आणि वायरसाठी ठेवलेली फटही त्याला पुरते. पाणी मात्र काठोकाठ भरू नका. झाकण आणि पाणी यांत तीन-चार बोटं हवा सोडा, त्याला वर येऊन श्वास घ्यायचाय. फिल्टर स्पंजचा, मंद. लांब पंखांचा मासा जोराच्या प्रवाहात दिवसभर ढकलला गेला तर थकतो आणि खायला वर यायचं टाळतो. प्लास्टिकची रोपं ठेवायची हौस असेल तर त्यांवरून एखादं तलम कापड फिरवा. कापड अडकलं तर पंखही फाटणार. खरी रोपं बरी. अनुबियास, जावा फर्न यांना फारसा उजेडही लागत नाही, आणि रुंद पानावर फायटर चक्क आडवा पडून झोपतो. लपायला एक जागा हवीच. दिवा आठ-दहा तास, रात्री बंद.

सोबती म्हणून दुसरा नर आणू नका. मादीही नको. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढायला अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की साधं क्लोरीन बरंचसं उडून जातं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते तसं उडत नाही. म्हणून थेंबच वापरा, वाद घालू नका.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टाकीचं सायकलिंग, आणि इथे लोकांचा धीर सुटतो. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीतलं पाणी दिसतं नितळ आणि असतं विषारी. म्हणून टाकी आधी, मासा नंतर. रिकाम्या टाकीत अमोनियाचा थोडा पुरवठा करत राहायचं, थेंबांच्या टेस्ट किटने तपासायचं, आणि घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर येऊन नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, बरेच दिवस वाचतात. मासा आधीच घरी आला असेल तर आता रोज तपासणी आणि रोज थोडं पाणी बदलणं, दुसरा इलाज नाही.

मासा घेताना फक्त रंग बघू नका. पैसे देण्याआधी विक्रेत्याला त्याच्यापुढे एक दाणा टाकायला सांगा. खाल्ला तर उत्तम. मग कुठले दाणे घालता हे विचारा आणि तेच थोडे घ्या. ‘मासा खात नाही’ यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, कारण कितीतरी मासे दाणा नाकारत नाहीत, अनोळखी दाणा नाकारतात. चिकटलेले पंख, अंगावर पांढरे ठिपके किंवा सोनेरी भुकटीसारखा थर, फुगलेलं पोट असं काही दिसलं तर दया येऊन घेऊ नका.

घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग पिशवी उघडून थर्मामीटर आधी पिशवीत, मग टाकीत. दोन्ही आकडे जुळले नसतील तर आणखी थांबा. हाताने अंदाज घेऊ नका. फायटरला हवं असलेलं २६ अंशांचं पाणी आपल्या हाताला गारच लागतं. हाताला छान कोमट लागेल ते त्याच्यासाठी फार गरम. आकडे जुळले की टाकीतलं थोडं थोडं पाणी दर काही मिनिटांनी पिशवीत घाला. मासा लांबून आला असेल आणि पिशवी बराच वेळ बंद असेल तर मात्र हे तासभर चालवू नका. बंद पिशवीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू, म्हणजे pH, उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी घातक रूपात असतो. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी तापमान जुळलं की मासा आत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. मासा छोट्या भांड्यात घेऊन सोडा. जाळीत लांब पंख अडकतात.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. अजिबात. काच ठोकू नका, फोटो काढायला आरसा दाखवू नका. तो पंख फुलवतो ते आनंदाने नव्हे, समोर दुसरा नर दिसतोय म्हणून. टाकीच्या काचेतच स्वतःचं प्रतिबिंब दिसून तो सारखा फुलत असेल तर बाहेरचा उजेड वाढवा किंवा मागच्या बाजूला कागद लावा.

दुसऱ्या दिवशी एक दाणा. एकच. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, पृष्ठभागावर पडलेले किडे टिपण्यासाठी. म्हणून तरंगणारा दाणा, थेट त्याच्या समोर. खाल्ला तर दुसरा. तोंडात घेऊन थुंकला तर घाबरू नका, कधीकधी तो दाणा फोडून पुन्हा खातो. वारंवार थुंकत असेल तर दाणा मोठा किंवा कडक आहे. टाकीच्याच पाण्यात थोडा वेळ भिजवा, किंवा तुकडा करून द्या. दोन-पाच मिनिटांत खाल्ला नाही तर ड्रॉपरने काढून टाका. ‘नंतर खाईल’ म्हणून ठेवलेला दाणा तो खात नाही, पाणी खातं.

दोन-चार दिवस खाल्लं नाही तरी धडधाकट फायटर मरत नाही. या दिवसांत सगळ्यांचा हात नवीन खाण्याच्या डब्यांकडे जातो. आधी थर्मामीटर बघा. सकाळी. मग अमोनिया आणि नायट्राइट तपासा. मग प्रवाह जोराचा आहे का ते बघा. हे तिन्ही ठीक असतील तरच खाणं बदला. फायटर मांसाहारी आहे, शाकाहारी माशांची पापुद्र्यासारखी फ्लेक त्याच्या कामाची नाही. दाण्याच्या डबीवरच्या घटकांत पहिलं नाव मासा, कोळंबी किंवा कीटक यांचं असावं, गव्हाचं नको. रुसलेल्याला गोठवलेला ब्लडवर्म, किंवा डॅफ्निया, आर्टेमिया हे पाण्यातले बारीक जीव, विरघळवून चिमट्याने समोर हलवून द्या. हालचाल दिसली की बहुतेक झडप घालतात. ब्लडवर्म रोजचं जेवण करू नका, एकदा चटक लागली की दाण्याकडे बघत नाही. डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात, पण गटारातल्या किंवा फवारणी झालेल्या पाण्यातल्या नकोत.

खायला लागला की दिवसातून दोनदा, दर वेळी दोन-तीन छोटे दाणे, बस. पोट अगदी लहान असतं. तो मात्र तुम्ही दिसलात की काचेशी येऊन नाचणार. ते भुकेचं नाटक आहे. आठवड्यातून एक दिवस उपास. पोट फुगलेलं वाटलं तर एक-दोन दिवस काही नको, मग डॅफ्निया. आणि हो, पाणी गार असेल तर तेवढेच दाणेही पोटात अडकून बसतात. थर्मामीटर.

पृष्ठभागावर बुडबुड्यांचा फेस दिसला तर पुसू नका, नर घरटं बांधतोय. पंख मिटलेले, तळाशी पडून, रंग उतरलेला असं दिसलं तर पाणी तपासा. पंखांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या तर आधी पाणी बदला, औषध नंतर. खवले अननसासारखे उभे राहिले असतील तर जाणकाराला लगेच दाखवा, पण फार आशा ठेवू नका.

पाणी दर आठवड्याला चौथा हिस्सा बदला, सगळं कधीच नाही. नवं पाणी अँटिक्लोरीन घातलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं, मोजून. स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा.

बाहेरगावी जात असाल तर तीन-चार दिवस त्याला उपाशी ठेवा, काही होत नाही. त्याहून जास्त दिवस असतील आणि कुणाकडे टाकी सोपवायची असेल तर दाण्याची डबी हातात देऊ नका. दर खेपेची पुडी वेगळी बांधून, त्यावर वार लिहून द्या, आणि डबी कपाटात ठेवून कुलूप लावा.