बाथरूम धुताना आधी डाग ओळखा, मग ब्रश हातात घ्या

बाथरूम धुताना बहुतेकांची ताकद भलत्याच ठिकाणी खर्च होते. नळाच्या बुडाशी बसलेला पांढरा थर साबण लावून कितीही घासला तरी हलत नाही, आणि टाइल्सवरचा तेलकट थर नुसत्या व्हिनेगरने पुरता सुटत नाही. कारण दोन्हींची जातकुळीच वेगळी आहे. कुठला डाग कशाचा आहे एवढं कळलं, की निम्मं घासणं वाचतं.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी वाळलं की ते क्षार मागे राहतात; नळावर, शॉवरवर, काचेवर दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. याच कॅल्शियमची अंगाच्या साबणाशी गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा राखाडी साका तयार होतो. तो भिंतीला आणि बादलीच्या आतल्या बाजूला पट्टा धरून बसतो. ओळखायचं असेल तर जागा कोरडी असताना नख फिरवा. नखाखाली मेणासारखं मऊ काही जमलं तर तो साबणाचा थर. नख घसरलं आणि खरखर लागली तर क्षार. तरीही शंका असेल तर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि जवळून बघा. क्षार असतील तर कडेने बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. (फरशी किंवा भिंत संगमरवरी असेल तर हा प्रयोग करू नका, संगमरवरालाही असेच बुडबुडे येतात आणि त्याची चकाकी जाते.)

सुरुवात कोरड्या झाडूने

बादल्या, मग, बाटल्या, पायपुसणं, सगळं बाहेर काढा. पाणी टाकण्याआधी फरशीवरचे केस आणि धूळ झाडून घ्या. ओले केस फरशीला चिकटतात आणि नंतर वेचत बसावं लागतं. खिडकी उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा, हातात रबरी मोजे घाला.

आधी साबणाचा थर

क्षारांवर बहुधा साबणाचा थर चढलेला असतो. तो निघाल्याशिवाय क्षार विरघळवणारं आम्ल (व्हिनेगरसारखं) खालपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून भिंती, काच आणि फरशी भिजवा. वरून खाली या, म्हणजे वरचा मळ धुतलेल्या जागेवर ओघळणार नाही. मग दहा मिनिटं हात लावू नका. हा वेळ देणं फार महत्त्वाचं आहे. थर भिजून फुगला की साध्या स्क्रबरने निघतो. तारेची घासणी मात्र वापरू नका. तिने टाइल्सवर आणि प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्याच ओरखड्यांत बसतो. घासून झालं की भरपूर पाण्याने धुवा.

मग क्षार

व्हिनेगर चालतं. लिटरभर कोमट पाण्यात एक-दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून घेतलं तर वासही येत नाही. अडचण एवढीच, की उभ्या पृष्ठभागावर द्रावण टिकत नाही, दोन मिनिटांत ओघळून जातं. त्यावर सोपा उपाय आहे. जुन्या सुती कापडाची पट्टी द्रावणात भिजवा, हलकी पिळा आणि नळाच्या बुडाशी गच्च गुंडाळून ठेवा. अर्ध्या तासाने सोडाल तेव्हा तो कडक थर भुसभुशीत झालेला असतो आणि जुन्या टूथब्रशने निघून येतो. थर जाड असेल तर पुन्हा एकदा गुंडाळा, पण रात्रभर ठेवू नका. नळाचा मुलामा खराब होऊ शकतो.

शॉवरची भोकं बुजली असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत द्रावण भरा, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी ती रबरबँडने बांधा आणि तासाभराने काढा. भोकांवरून अंगठा फिरवा, शॉवर पूर्ण सोडा, सुटलेले कण वाहून जातील.

संगमरवर, कोटा आणि मोझॅक यांवर कुठलंही आम्ल लावू नका. टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही आम्लाने हळूहळू झिजतं, तेव्हा तिथे ते साचू न देता लगेच धुऊन काढा.

जाता जाता एक सांगतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची पद्धत फार लोकप्रिय आहे, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि हाती उरतं जवळपास खारं पाणी. सोडा घासायला वापरा, व्हिनेगर क्षारांसाठी. दोन्ही उपयोगी आहेत, फक्त वेगवेगळे.

काळी बुरशी: शक्यतो दुसऱ्या दिवशी

सांध्यांतल्या काळ्या डागांना ब्लीच लागतं, आणि इथे सांभाळून वागायला हवं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर आणि बहुतेक टॉयलेट क्लीनर ही आम्लंच. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये हे जीवावर बेतू शकतं. म्हणून आम्ल एका दिवशी आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी, ही शिस्त मी घरात सगळ्यांना लावावी असं म्हणेन. जो कोणी बाथरूम धुतो त्या प्रत्येकाला.

ब्लीच थंड पाण्यातच मिसळा, प्रमाण बाटलीवर दिलेलं असेल तेच घ्या. सांध्यांवर लावा, दहा मिनिटं थांबा, ब्रश मारा, धुवा. सिलिकॉनच्या पट्टीत बुरशी आतपर्यंत गेली असेल तर ती कशानेच निघत नाही. पट्टी कापून नवी भरणं हाच इलाज.

बादली, मग किंवा साबणदाणीवर येणारा गुलाबी बुळबुळीत थर गंजाचा नसतो. तो बहुधा सेराशिया नावाच्या जिवाणूंचा असतो. लिक्विडने घासा, आणि मुख्य म्हणजे वस्तू उपड्या ठेवून वाळू द्या. ओल राहिली की तो पुन्हा येतो.

कमोड

टॉयलेट क्लीनर पाण्यात पडून पातळ झालं की त्याचा जोर जातो. म्हणून आधी ब्रशने दट्ट्या मारल्यासारखं करून भांड्यातलं पाणी आत ढकला. पातळी खाली गेली की पाण्याच्या रेषेवरचा पिवळट-तपकिरी थर उघडा पडतो. आता काठाखालून क्लीनर फिरवा, वीस मिनिटं ठेवा, घासा, फ्लश करा. या थरावर ब्लीच ओतू नका. त्याने डाग पांढरा दिसतो, पण क्षारांचा थर जिथल्या तिथे राहतो आणि काही दिवसांत पुन्हा रंग धरतो.

जाळी आणि वास

जाळी उचला आणि आतले केस मोजे घातलेल्या हाताने किंवा हुकाने काढा. पाइप मोकळा करायची तीव्र रसायनं मी शेवटचा पर्याय मानतो. ती टाकलीच असतील तर त्यावर आम्ल ओतू नका. पाइप पीव्हीसीचा असेल तर उकळतं पाणीही नको, कढत पुरे.

सगळं धुऊनही गटाराचा वास येत असेल तर जाळीखालचा ट्रॅप बघा. त्यात साचलेलं थोडं पाणी खालचा वायू अडवून धरतं. बाथरूम बरेच दिवस वापरात नसेल तर ते पाणी उडून जातं आणि वास वर येतो. दोन मग पाणी ओता, बऱ्याचदा तेवढ्यानेच वास थांबतो.

रोजचं

आंघोळ झाली की काचेवरून आणि फरशीवरून वायपर फिरवा आणि दार किंवा खिडकी उघडी ठेवा. पाणी वाळायला उरलंच नाही तर क्षार बसणार कशाने?

टॉवेलचंही तसंच. तीन-चार वेळा वापरला की धुवा आणि एरवी घडी न घालता पसरून वाळवा. धुतलेल्या टॉवेललाही कुबट वास येत असेल तर डिटर्जंट वाढवू नका, कमी करा. धाग्यांत अडकलेला साबण ओल आणि मळ धरून ठेवतो. एकदा डिटर्जंटशिवाय गरम पाण्यात धुऊन बघा, पाण्याला फेस आला तर कारण सापडलं. फॅब्रिक कंडिशनर टॉवेलला लावू नका, त्याने पाणी शोषायची ताकद कमी होते.