विनिपेगकरीण, मिनेसोटाकर आणि मधल्या खुर्चीवरचा मिरजकर

मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करण्यासाठी मी ऑगस्ट २०१६मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन शहरात गेलो. निघण्यापूर्वी जी काही तयारी केली होती ती सगळी कोरियन माणसांशी कसे वागावे याची होती. वस्तू दोन्ही हातांनी द्यावी, वडीलधाऱ्यांसमोर पेला तोंडाला लावताना मान किंचित वळवावी, प्राध्यापकांना नावाने हाक मारू नये, इत्यादी. ती तयारी वाया गेली नाही. परंतु परदेशात संध्याकाळी ज्यांच्याबरोबर आपण जेवायला बसतो ती माणसे पुष्कळदा त्या देशाची नसतातच, आपल्यासारखीच बाहेरून आलेली असतात, आणि त्यांच्या आपसातल्या संबंधांविषयी मला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी जो ई-२ व्हिसा मिळतो तो मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. त्यामुळे जिथे जाल तिथे कॅनेडियन आणि अमेरिकन एकाच टेबलावर भेटतात, आणि भेटले की पाचव्या मिनिटाला त्यांची जुंपते. कोरिया, जपान किंवा तैवानला निघालेल्या आपल्या मुलामुलींनी हे भांडण आधी समजून घेतलेले बरे, कारण मी ते न समजता त्यात तोंड घातले होते.

आमच्या शुक्रवारच्या टेबलावर एक बाई कॅनडातील विनिपेगच्या होत्या. माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या आणि हागवॉनमध्ये, म्हणजे तिथल्या खासगी शिकवणी वर्गात, इंग्रजी शिकवायच्या. दुसरा माझ्याच प्रयोगशाळेतला पोस्ट-डॉक, अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा. खरी नावे लिहिणे बरे नव्हे, म्हणून आपल्या रीतीने त्यांना विनिपेगकरीण आणि मिनेसोटाकर म्हणतो. नकाशा उघडून पाहिलात तर विनिपेगपासून अमेरिकेची सीमा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि सीमेपलीकडे नॉर्थ डकोटा व मिनेसोटा ही राज्ये आहेत. दोघांकडे हिवाळा सारखाच जीवघेणा, दोघांचे बालपण गोठलेल्या तळ्यावर आइस हॉकी खेळण्यात गेलेले, आणि बोलण्याचा हेलसुद्धा इतका जवळचा की टेक्सासचे अमेरिकन लोक मिनेसोटाकरालाच कॅनेडियन समजत. त्याचा त्याला विलक्षण राग येई आणि तिला विलक्षण आनंद होई.

तिचे खरे दुःख निराळे होते. टॅक्सीवाला, भाजीवाली, वर्गातल्या मुलांच्या आया, सगळे तिला पाहताच विचारत, ‘मिगुक साराम?’ म्हणजे अमेरिकन का? ती दिवसातून चार वेळा ‘आनियो, कॅनादा साराम’ असे उत्तर देई. तिच्या पाठपिशवीवर मेपलच्या पानाचा झेंडा शिवलेला होता. परदेशात फिरणारे पुष्कळ कॅनेडियन तसे करतात, आणि काही अमेरिकन लोकही आपल्यामागे आपल्या सरकारचे राजकारण लागू नये म्हणून तो झेंडा लावून फिरतात असा कॅनेडियनांचा जुना आरोप आहे. एकदा देजॉन स्थानकावर असा एक पर्यटक तिला भेटला. तिने त्याला साधा प्रश्न विचारला, एक डॉलरच्या नाण्याला आपण काय म्हणतो? १९८७मध्ये आलेल्या त्या नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी आहे, म्हणून कॅनडात लहान पोरही त्याला ‘लूनी’ म्हणते. पाहुण्याला उत्तर आले नाही. हा किस्सा मी तिच्या तोंडून निदान सहा वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी तो पर्यटक थोडा अधिक घामाघूम झालेला असे.

भांडणाचे विषय ठरलेले असत. वर्णमालेतले शेवटचे अक्षर ‘झेड’ की ‘झी’, हा पहिला. आपण भारतीय ‘झेड’ म्हणतो, त्यामुळे माझे मत कॅनडाच्या पारड्यात आपोआप मोजले जाई. थँक्सगिव्हिंग, म्हणजे देवाचे आभार मानण्याचा सण, कोणाचे आधीचे, हा दुसरा. अमेरिकेचा हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, कॅनडाचा ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. अमेरिकन माणूस १६२१ साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी केलेल्या जेवणाचा दाखला देतो, तर कॅनेडियन माणूस १५७८ साली इंग्रज दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशर याने उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात देवाचे आभार मानले होते ते काढतो. २०१७ साली या वादाचा निकाल कोरियन पंचांगाने लावला. कॅनडाचे थँक्सगिव्हिंग ९ ऑक्टोबरला आले, तो हांगुल दिन, म्हणजे कोरियन लिपीचा दिवस, होता आणि छुसॉक या सुगीच्या सणाला जोडून आलेल्या दहा दिवसांच्या सुट्टीचा शेवटचा दिवसही. विनिपेगकरणीने आरामात दिवसभर स्वयंपाक केला. या सणाचा टर्की पक्षी मावेल एवढा ओव्हन आमच्या कोणाच्याच खोलीत नव्हता, म्हणून तिने छोट्या टोस्टर ओव्हनमध्ये एकामागून एक तीन कोंबड्या भाजल्या आणि माझ्यासाठी भोपळ्याचा ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ केला. अमेरिकेचे थँक्सगिव्हिंग २३ नोव्हेंबरला आले. पोहांगच्या भूकंपामुळे कोरियाची विद्यापीठ प्रवेशपरीक्षा आठवडाभर पुढे ढकलली गेली होती, ती नेमकी त्याच गुरुवारी होती. सगळे शहर परीक्षेच्या दडपणाखाली, आम्हाला मात्र रोजच्यासारखे काम. मिनेसोटाकराने रात्री दहा वाजता विकतची तळलेली कोंबडी टेबलावर ठेवली. ‘आमच्या देशाचा सण आहे, म्हणून तो कामाच्या दिवशीच येतो,’ असे तो म्हणाला, आणि त्या रात्री तिने पुढे काही टोचले नाही.

प्रयोगशाळेत हे भांडण एककांवर येई, आणि खरे सांगायचे तर मला त्यातून जे शिकायला मिळाले ते कुठल्या तासाला मिळाले नसते. कॅनडाने १९७०च्या दशकात मेट्रिक पद्धत स्वीकारायला सुरुवात केली, अमेरिका अजून पौंड-फुटांतच आहे. विनिपेगकरीण एकदा प्रयोगशाळेत डबा घेऊन आली असताना भट्टीशेजारी लावलेला फॅरेनहाइटमधला तक्ता पाहून हसली आणि म्हणाली की याच हट्टापायी तुम्ही मंगळावर एक यान घालवलेत. ते खरेच आहे. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ सप्टेंबर १९९९मध्ये नष्ट झाले, कारण जमिनीवरच्या एका संगणकप्रणालीने धक्क्याचे आकडे पौंडांच्या एककात दिले आणि नासाची दुसरी प्रणाली ते न्यूटनचे समजून चालली. मिनेसोटाकराने शांतपणे चहाचा कप खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला : ‘गिमली.’ गिमली हे विनिपेगच्या उत्तरेचे गाव. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालेल्या विमानात इंधन भरताना किलोग्रॅमच्या जागी पौंडांचा गुणक वापरला गेला आणि लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन ते विमान आकाशात गेले. बारा हजार मीटरहून अधिक उंचीवर इंजिने बंद पडली. वैमानिकाने ते विमान तरंगवत आणून गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवले, तेव्हा त्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतीची जत्रा भरलेली होती. कोणाचाही जीव गेला नाही. ‘आम्ही निदान उतरवले,’ असे म्हणून ती डबा उचलून निघून गेली. त्या दिवसापासून माझ्या वहीत आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय मी पुढची ओळ लिहीत नाही. तसेच ‘डॉलर’ हा शब्द ऐकला की कोणत्या देशाचा हे विचारून घेतो. ही सवय अर्जाचे शुल्क भरताना तर फारच उपयोगी पडते.

आता माझ्या चुकीकडे येतो. मिनेसोटाकर तिला चिडवताना कॅनडाला ‘आमचे एक्कावन्नावे राज्य’ म्हणायचा. ती त्यावर टिश्यू पेपरचा गोळा करून त्याला मारायची. मी आठ-दहा महिने हे पाहत होतो, हसत होतो, आणि आपणही आता या टोळक्यातले झालो अशी माझी समजूत झाली होती. एका शुक्रवारी मीच बोलून गेलो, ‘नाहीतरी तुम्ही त्यांचे एक्कावन्नावे राज्यच!’ गोळा आला नाही. टेबल गप्प झाले. मिनेसोटाकर माझ्याकडे न बघता मेन्यू चाळू लागला. मग ती अगदी सौम्यपणे म्हणाली, ‘तो म्हणाला तर चालते.’

घरी जाताना मला मिरज आठवली. मी मिरजेचा. बाहेरगावी कोणी ‘म्हणजे सांगलीच ना?’ असे म्हणाले की माझ्या कपाळावर आठी पडते. महापालिका १९९८पासून एक आहे, मधले अंतर दहाएक किलोमीटरचे, तरी रेल्वेचे मोठे जंक्शन आमचे, सतारींचे कारागीर आमचे, आणि पत्त्यात आधी नाव मात्र सांगलीचे. सांगलीचा आतेभाऊ लग्नाच्या पंगतीत मिरजेवर हवे ते बोलतो आणि मीही त्याला उत्तर देतो. तेच वाक्य एखाद्या पुणेकराने म्हटले तर? सांगलीकरही माझ्या बाजूने उभा राहील. कॅनडाची लोकसंख्या अमेरिकेच्या साधारण एक अष्टमांश आहे आणि तिथले बहुसंख्य लोक सीमेलगतच्या पट्ट्यात राहतात. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी १९६९मध्ये वॉशिंग्टनमध्ये बोलताना अमेरिकेशेजारी राहण्याची तुलना हत्तीशेजारी झोपण्याशी केली होती : तो कितीही गुणी असला तरी त्याची प्रत्येक कूस आपल्याला जाणवते. म्हणून या थट्टेत दोघांचे वजन सारखे नसते. थोरल्याला ती थट्टा दुसऱ्या दिवशी आठवत नाही, धाकट्याला आठवते. तिसऱ्याने त्यात कोणाचीही बाजू घेऊ नये, आणि थोरल्याची वाक्ये तर उसनी मुळीच घेऊ नयेत. नवख्याला एवढे एक जमले तरी पुष्कळ झाले. बाकी ओळख होताना गोऱ्या माणसाला ‘तुम्ही अमेरिकेचे का’ असे न विचारता ‘तुमचे गाव कोणते’ असे विचारावे. कॅनेडियन माणूस सुखावतो आणि अमेरिकन माणसाला काही फरक पडत नाही.

थट्टा थांबते केव्हा, हेही पाहून ठेवावे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला. दोन दिवसांनी सोल्लालच्या, म्हणजे कोरियन नववर्षाच्या, सुट्टीत सगळी हॉटेले बंद म्हणून आम्ही माझ्या खोलीत खिचडी खायला जमलो होतो. बंदुकांचे कायदे हा तिचा एरवीचा हुकमी विषय, पण त्या रात्री तिने तो काढला नाही. मिनेसोटाकराची आई शाळेत शिक्षिका आहे हे तिला ठाऊक होते. त्याच वर्षी १ जूनपासून अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन कॅनडाच्या पोलादावर आणि अॅल्युमिनियमवर आयातशुल्क लावले, तेव्हा ती दोन शुक्रवार आलीच नाही. तिसऱ्या शुक्रवारी त्याने तिच्या खुर्चीवर कोकच्या रिकाम्या डब्यांची एक पिशवी ठेवली, वर चिठ्ठी : ‘अॅल्युमिनियम, शुल्कमुक्त.’

या दोन घटनांच्या मध्ये हॉकीचा सामना झाला. प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांची अंतिम लढत २२ फेब्रुवारीला गांगनुंगला होती, अमेरिका विरुद्ध कॅनडा, अर्थातच. सामना दुपारी एकनंतर सुरू झाला आणि तिचा वर्ग अडीचला होता. ‘कॅनडाच जिंकणार, १९९८नंतर तुम्हाला सोने मिळाले आहे का?’ असे म्हणून ती गेली आणि मला निकाल कळवायला सांगून गेली. मूळ वेळेत २-२, जादा वेळेत काही नाही, मग शूटआउट. नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सच्या जोसलिन लॅमोरू-डेव्हिडसन हिने गोल केला आणि मिनेसोटाच्याच मॅडी रूनी या गोलरक्षिकेने शेवटचा फटका अडवला. अमेरिका ३-२. कॅनडाच्या जोसलिन लारोक हिने गळ्यात घातलेले रौप्यपदक तत्क्षणी काढून हातात घेतले. ती विनिपेगजवळच्या सेंट अॅनची. म्हणजे दोन्हीकडून जणू शेजारच्या आळीतल्याच मुली खेळत होत्या. मी फोन हातात घेऊन पाच मिनिटे बसलो, काय लिहावे सुचेना, आणि शेवटी फक्त आकडे पाठवले. मिनेसोटाकराने त्या दिवशी तिला एकही संदेश पाठवला नाही. संध्याकाळी तिच्या दाराशी बिअरचे चार डबे ठेवले आणि बेल न वाजवता खाली आला. शुक्रवारी मात्र त्याने पुरेपूर वसूल केले.

तिच्याकडेही एक हुकमाचा एक्का असे. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याला आपल्या देशाचे आयकर विवरणपत्र भरावेच लागते, आणि परदेशातल्या सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरांच्या वर गेली तर तीही कळवावी लागते. कॅनडातला मुक्काम पुरता हलवलेल्या कॅनेडियन माणसाला परदेशातल्या पगाराचे असे विवरणपत्र भरावे लागत नाही. दर वसंतात मिनेसोटाकर कागदांचा ढीग घेऊन बसला की ती शेजारी येऊन संत्रे सोलत बसे आणि दर दहा मिनिटांनी विचारी, ‘झाले का भरून?’

मी २०२१ मध्ये पुण्याला परतलो, ती विनिपेगला गेली, तो देजॉनलाच राहिला. फोनवरचा आमचा गट तेवढा चालू होता. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी ‘एक्कावन्नावे राज्य’ हे शब्द वारंवार येऊ लागले आणि गट थंड पडला. मीही दोनदा काहीतरी लिहून खोडले. २० फेब्रुवारीला बोस्टनमध्ये चार देशांच्या हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना कॅनडाने अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत ३-२ असा जिंकला, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. त्याच्याकडून दोन शब्द आले : ‘३-२. अभिनंदन.’ तिचे उत्तर रात्री आले.

‘तुझे टॅक्स झाले का भरून?’