परदेशात राहून मतदारयादीत नाव घालायचं असेल तर

दुबईत राहा की डॅलसला, मतदार म्हणून तुम्ही कुठले हे ठरतं पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावरून. त्यामुळे अर्ज भरण्याआधी पासपोर्टचं शेवटचं पान उघडून बघा. वकिलातीतून नवा पासपोर्ट घेतला असेल तर तिथे तिकडचा पत्ता छापलेला असू शकतो, आणि मग घोडं अडतं. नूतनीकरण करतानाच गावचा पत्ता टाकून घ्या.

२०१० च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये कलम २०अ आलं आणि ही सोय झाली. मुख्य अट: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. ग्रीन कार्ड चालतं. ओसीआय कार्डवाल्यांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना) मात्र मताधिकार नाही, कारण परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं.

नमुना ६अ हा अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर भरा किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवा. सोबत रंगीत फोटो, पासपोर्टची फोटो आणि पत्ता असलेली पानं आणि चालू व्हिसाचं पान. टपालाने पाठवताना प्रत्येक प्रतीवर सही करून ती स्वसाक्षांकित करायची.

त्यानंतर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) गावच्या घरी पडताळणीला येतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘तो इथे राहत नाही’ एवढंच उत्तर मिळतं! नातेवाईक नसतील तर कागद पडताळणीसाठी तिकडच्या भारतीय वकिलातीकडे जातात, त्यात वेळ जातो.

जुनं नाव साध्या मतदारांत राहिलं असेल तर ते नमूद करा आणि जुनं मतदार ओळखपत्र परत द्या. दुबार नाव चालत नाही. खोटं प्रतिज्ञापन दिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती नवी नावं घेत नाहीत, म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका.

नाव यादीच्या शेवटी वेगळ्या भागात येतं. ओळखपत्र मिळत नाही. केंद्रावर मूळ पासपोर्टच दाखवायचा. आणि हो, मत द्यायला गावीच यावं लागतं: टपाली मतदान वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांसारख्या सेवा मतदारांना आहे, नोकरीसाठी गेलेल्यांना नाही. विमानाच्या तिकिटाच्या किमतीपुढे हा हक्क बऱ्याच जणांसाठी कागदावरच राहतो, हे खरंच आहे.

कायमचे परतलात तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवा आणि साध्या मतदारांत नाव घालायला नमुना ६ भरा.