छाटणीच्या आधी बोनेट उघडा: उभा राहिलेला छोटा ट्रॅक्टर गरम का होतो

शेतकरी मित्रांनो, द्राक्षाची गोडीबार (ऑक्टोबरची) छाटणी तोंडावर आलीय. सटाणा-बागलाणच्या अर्ली (लवकर छाटलेल्या) बागा कधीच पुढं गेल्या, आता निफाड, दिंडोरी, चांदवड साइडला कात्र्या निघतील आणि मग पानं फुटली की डावणीची (डाउनी मिल्ड्यू या बुरशीच्या रोगाची) धास्ती सुरू. त्या दिवसांत ब्लोअर (ट्रॅक्टरमागचा फवारणी पंखा) एक सकाळ जरी उभा राहिला तरी काय होतं हे द्राक्षवाल्याला सांगायची गरज नाही. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर घालताच येत नाही, फवारण्या एचटीपीच्या (जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या) नळीवर काढतो आपण, आणि छोटा ट्रॅक्टर दोन-अडीच महिने शेडमध्ये पडून राहतो. मग पहिल्याच फवारणीला चार ओळी झाल्या की तापमानाचा काटा लालकडे, मिस्तरी येतो आणि म्हणतो इंजिनचं हेड खोलावं लागंल. जरा थांबा. उभ्या राहिलेल्या गाडीचं गरम होणं बहुतेक वेळा घाण, पाणी नाहीतर पट्टा यातलंच असतं, ते बघितल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका.

आधी एक लक्षात घ्या. ट्रॅक्टर रस्त्याने पिंपळगावला जाऊन येतो, काही होत नाही, बागेत मात्र तापतो, असं का? ब्लोअर चालवताना पीटीओला (ट्रॅक्टरमागच्या अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला) मिनिटाला ५४० फेरे मिळावेत म्हणून इंजिन पळतंय, लोड पूर्ण आहे, आणि ट्रॅक्टर मात्र हळू गिअरमध्ये. समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त फॅन आणि रेडिएटरवर. म्हणून नुसता स्टार्ट करून पाच मिनिटं आयडलला ठेवला आणि ठीक आहे म्हणालो, ही काही टेस्ट नाही.

रेडिएटरपासून सुरुवात करा. मागच्या सीझनचं बोर्डो, गंधक, धूळ, बारीक पानं हे सगळं ओलं असताना रेडिएटरच्या जाळीत बसतं आणि उभ्या ट्रॅक्टरवर वाळून सिमेंटसारखं घट्ट होतं. वरून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण संध्याकाळी इंजिनच्या बाजूने टॉर्च लावा आणि समोरून बघा, जिथून उजेड येत नाही तिथून हवा पण जात नाही. बऱ्याचदा खालचा अर्धा भाग पूर्ण बंद असतो. कुंभारमाशीची मातीची घरं, फॅनच्या कव्हरमध्ये उंदरांनी आणून ठेवलेलं गवत आणि गोणपाटाच्या चिंध्या, हे पण बघाच, आणि उंदीर शिरला असेल तर वायरी आणि रबरी नळ्या पण तपासा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, कारण फॅन हवा पुढून आत ओढतो, पुढून पाणी मारलं तर घाण अजून आत घुसते. आणि कृपा करून एचटीपीची गन जवळून लावू नका, पातळ पत्र्या वाकल्या की त्या जागची हवा कायमची बंद. साधा पाइप, थोडा साबण, भिजू द्यायचं, परत धुवायचं.

आता पाणी. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण खोला. आत दाब असल्यामुळे पाणी १०० डिग्रीच्या वर जाऊन पण उकळत नाही, झाकण फिरवलं की एकदम उसळतं आणि तोंड-हात भाजतात. थंडपणी खोलल्यावर पाणी तांबडं, गढूळ दिसलं तर नुसतं वरून भरून चालणार नाही, सगळं काढा, साध्या पाण्याने दोन-तीनदा फ्लश करा. इथं आपली नेहमीची सवय नडते, बोअरचं पाणी. ठिबकचे ड्रीपर ज्या क्षारांनी बंद होतात आणि आपण ॲसिड सोडतो, तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. पण म्हणून ठिबकचं ॲसिड रेडिएटरमध्ये सोडू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, कॅनवर रेडीमिक्स लिहिलं असेल तर पाणी न मिसळता तसंच. दोन वेगळ्या प्रकारचं कूलंट एकत्र करू नका. हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन स्टार्ट करा, बुडबुडे निघून लेव्हल खाली गेली की परत भरा, आत हवा अडकली तर भरलेला रेडिएटर असून पण गरम होतो. काढलेलं जुनं कूलंट बांधावर ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्रं किंवा वासरू प्यालं तर जीव जातो. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं असेल तर झाकणच बदला, स्वस्तातली गोष्ट आहे.

फॅनचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे, त्याहून जास्त ढिला असेल तर ताणून घ्या, आतून चिरा, चकाकी आली असेल तर नवीन टाका. वॉटर पंपाखाली पाण्याचा ओघळ दिसला तर सील गेलं समजा, उभ्या गाडीत ते वाळतं.

थर्मोस्टॅटबद्दल (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) माझं स्पष्ट मत आहे. उभ्या राहिलेल्या गाडीत तो बंद स्थितीत अडकू शकतो, आणि गावोगावी त्यावर एकच इलाज, काढून फेकून द्या. असं करू नका. मग इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये गाळ होतो. काढा, पातेल्यात पाण्यात ठेवून तापवा, त्याच्यावर छापलेल्या डिग्रीला, बहुतेक ८० च्या आसपास, तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा घ्या.

एवढं करून पण तापत असेल तर एअर फिल्टर चोक आहे का, ब्रेक चिकटलाय का बघा. आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे किंवा डिपस्टिकला दुधाळ ऑइल आलं तर मात्र गाडी चालवू नका, तिथं हेड गॅस्केटचा विषय आहे आणि मिस्तरीचंच काम. कुणाकडे बागेत फिरायला पेट्रोलची एटीव्ही असेल तर तिचा फॅन बहुतेक वेळा इलेक्ट्रिक असतो, फ्यूज आणि कनेक्शन बघा, आणि जुन्या पेट्रोलने कार्बोरेटरचा जेट चोक झाला असेल तर इंजिनला पेट्रोल कमी पडून पण ती तापते.

फवारताना काटा लालला गेलाच तर पीटीओ काढा, न्यूट्रल करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलला चालू द्या, पाणी फिरत राहतं. पट्टा तुटला असेल किंवा पाणी सगळं गेलं असेल तर मात्र लगेच बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

सगळं झालं की ब्लोअर जोडा, टाकीत नुसतं पाणी भरा, आणि छाटणीच्या आधीच भर दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास बागेत चालवा, दर दोन ओळींनी काटा बघत. ऑक्टोबरच्या उन्हात ज्याचा काटा मध्ये राहिला तो ट्रॅक्टर पहाटेच्या फवारणीला अडणार नाही.