जुन्या सोल आणि आर अँड बी रेकॉर्ड्स जमवायच्यात? मग ४५ च्या नादाला लागा

सोल आणि आर अँड बी म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी घडवलेलं गाणं-बजावणं. सोल म्हटलं की बहुतेक जण आधी एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी रेकॉर्ड, शोधायला लागतात, कव्हर मोठं असतं, फोटो झकास असतो, भिंतीवर लावता येतं. पण १९५० आणि ६० च्या दशकातल्या अमेरिकेत हा सगळा धंदा चालायचा तो ७ इंची ४५ वर, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डवर, हिलाच सिंगल म्हणतात. गाणं त्याच्यासाठीच व्हायचं, रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सात (नाणं टाकून गाणं लावायच्या मशीनमध्ये) तेच वाजायचं, एलपी बऱ्याचदा नंतर, एखादं गाणं चाललं की त्याच्याभोवती बाकीची भरती करून काढायचे. मोटाऊन कंपनीचा मोनो सिंगल आणि त्याच गाण्याचा एलपीवरचा स्टिरिओ मिक्स लागोपाठ ऐका, पुष्कळदा ड्रम आणि बास सिंगलवर जसे अंगावर येतात तसे एलपीवर येत नाहीत. म्हणून खाली जे सांगतोय ते ४५ बद्दलच आहे.

आधी एक शहर पकडा

सगळंच जमवायला गेलात तर पैसा संपेल, कपाट भरेल आणि धड काहीच हाती लागणार नाही. आपल्याकडे गाण्यात घराणी आहेत तशी इथे शहरं आहेत, एकाची तयारी झाली की दुसरं आपोआप कळायला लागतं. डेट्रॉइट म्हणजे बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये काढलेलं टॅमला हे लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी) आणि मग मोटाऊन, गुळगुळीत आवाज, टॅम्बोरिनचा ठेका. मेम्फिस म्हणजे स्टॅक्स, जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांचं, हॉर्न्स (ट्रम्पेट, सॅक्सोफोन) पुढे आणि सगळं जरा रांगडं. शिकागोत चेस आणि व्ही-जे, सिनसिनाटीत जेम्स ब्राउन ज्याच्यासाठी गायचा ते किंग, न्यूयॉर्कला १९४७ पासूनचं अटलांटिक. माझं मत विचाराल तर नवख्या माणसाने स्टॅक्सपासून सुरू करावं, कारण रेकॉर्डच्या मधोमधचं कागदी लेबल बघूनच काळ कळतो. निळं लेबल आणि त्यावर रेकॉर्ड्सची चळत असेल तर १९६८ च्या आधीचा माल, त्या वर्षी स्टॅक्सचा माल बाजारात पोचवणाऱ्या अटलांटिकशी फाटलं आणि मग पिवळं लेबल आलं, चुटकी वाजवणाऱ्या हाताचं.

भावाचं गणित उलटं आहे, ते डोक्यात बसवा

जे गाणं लाखोंनी खपलं ते आज स्वस्त. गायक ओटिस रेडिंग १९६७ च्या डिसेंबरमध्ये विमान अपघातात गेला आणि त्याचं ‘डॉक ऑफ द बे’ पुढच्याच महिन्यात आलं, दहा लाखांच्या वर खपलं, आज ते काही डॉलरमध्ये मिळतं. महाग असतं ते पडलेलं गाणं, जे तेव्हा कुणी विकतच घेतलं नाही. ह्याला कारण इंग्लंड. तिथल्या उत्तरेकडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांमध्ये पोरं शनिवारी रात्रभर अमेरिकन सोलवर नाचायची, मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, नंतर १९७३ ते ८१ विगन कॅसिनो, आणि डीजेंची चढाओढ अशी की जे दुसऱ्याकडे नाही ते वाजवायचं, त्यासाठी लेबलवर कागद चिकटवून कलाकाराचं खोटं नाव सांगायचे. ह्या प्रकाराला नॉर्दर्न सोल म्हणतात. ग्लोरिया जोन्सचं ‘टेन्टेड लव्ह’ १९६५ मध्ये चॅम्पियन लेबलवर बी साइड म्हणून, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, आलं आणि साफ आपटलं, ह्या क्लबांनी ते उचललं, तिथून सॉफ्ट सेल ह्या इंग्लिश जोडीने १९८१ मध्ये केलं आणि मग जगाला कळलं. टोकाचं उदाहरण फ्रँक विल्सनच्या ‘डू आय लव्ह यू’चं, मोटाऊनच्याच सोल नावाच्या लेबलवर १९६५ मध्ये प्रोमो (रेडिओवाल्यांना फुकट वाटायच्या) कॉपी छापल्या आणि जवळपास सगळ्या नष्ट केल्या, उरलेल्यांपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पाउंडांच्या वर गेली.

म्हणून सुरुवातीला दुर्मिळच्या मागे लागू नका. हिट गाणीच घ्या, पण चांगल्या कंडिशनची, आणि इथेच खरी गंमत आहे, कारण हिट गाणी घराघरात, पार्ट्यांमध्ये, ज्यूकबॉक्सात झिजेपर्यंत वाजलीत, त्यामुळे कॉपी ढिगाने मिळतील पण स्वच्छ वाजणारी शोधावी लागते.

डेड वॅक्स वाचायला शिका

हे नीट जमलं तर अर्धं काम झालं. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिला डेड वॅक्स किंवा रनआउट म्हणतात, तिच्यावर बारीक अक्षरं असतात, टॉर्च तिरका धरून बघा. तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ज्या साच्यावरून रेकॉर्ड छापली त्याचा नंबर, असतो आणि बऱ्याचदा कारखान्याची खूण असते. ‘एआरपी’ असा जोडाक्षरासारखा शिक्का दिसला तर ती मिशिगनमधल्या ओवोसोच्या कारखान्यातली, मोटाऊनचा बराच माल तिथे छापला जायचा, आणि तो कारखाना १९७२ मध्ये जळाला, म्हणजे कॉपी त्याच्या आधीची असणार. छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा दिसला तर लॉस एंजेलिसचं मोनार्क, तो आकडा काळाप्रमाणे वाढत जातो त्यामुळे साधारण कधीची कॉपी आहे तेही काढता येतं. ‘बेल साउंड’ असा शिक्का म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या नावाच्या स्टुडिओत मास्टर, म्हणजे जिच्यावरून साचे बनतात ती मूळ तबकडी, कापलेला.

कॅटलॉग नंबरही बघा. बुकर टी अँड द एमजीजचं ‘ग्रीन अनियन्स’ घ्यायचं झालं तर १९६२ मध्ये ते आधी व्होल्ट (स्टॅक्सचंच दुसरं लेबल) १०२ वर बी साइड म्हणून आलं, मग लोकांना तेच आवडतंय म्हटल्यावर स्टॅक्स १२७ म्हणून ए साइडवर आलं. दोन्ही त्याच वर्षातल्या, दोन्ही अस्सल, पण पहिली कोणती हे विकणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं. डिस्कॉग्स आणि ४५कॅट ह्या वेबसाइटवर लेबलचे फोटो असतात, ते उघडून शेजारी ठेवून जुळवा.

नकली मालाचंही इथेच कळतं. नॉर्दर्न सोलच्या जोरावर ७० च्या दशकात भरपूर बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय छापलेल्या नकला, निघाले. लेबलची छपाई फोटोकॉपीसारखी पुसट, रंग किंचित चुकलेला, मूळ कॉपीवर मशीनचा शिक्का आणि हातातल्या कॉपीवर हाताने खरवडलेला नंबर, असं दिसलं की थांबा. पण नुसतं हाताने लिहिलंय म्हणून नकली म्हणू नका, छोट्या लेबलांच्या अस्सल कॉपींवरही हाताने लिहिलेलं असतं. आणि कायदेशीर रीइश्यू (नंतर परवानगीने पुन्हा छापलेली कॉपी) घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त रीइश्यूच्या भावात घ्या.

ग्रेडिंग आणि स्टायरीन

ग्रेडिंग, म्हणजे रेकॉर्डच्या कंडिशनला दिलेला दर्जा, गोल्डमाइन ह्या अमेरिकन मासिकाच्या पद्धतीने चालतं, मिंट (नवीकोरी), निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, मग गुड. ‘व्हेरी गुड’ हे नाव ऐकून फसू नका, त्यात खरखर ऐकू येतेच. साधारण हिशोब असा की व्हीजी प्लसची किंमत निअर मिंटच्या निम्मी आणि व्हीजीची पाव. जोरात वाजणाऱ्या नाचाच्या गाण्याला व्हीजी चालून जातं, संथ बॅलड मात्र व्हीजीमध्ये घेऊ नका, गाण्याआधी खरखरच ऐकत बसाल. नुसतं बघून ग्रेड दिलंय की वाजवून, हे विकणाऱ्याला विचारायचंच.

कारण बऱ्याच अमेरिकन ४५ विनाइलच्या नसून स्टायरीन ह्या कडक प्लास्टिकच्या असतात. हलक्या, ताठ, टकटक केलं तर कडक आवाज, लेबल रेकॉर्डमध्ये दाबलेलं नसतं तर वरून चिकटवलेलं असतं (वाकवून बघू नका, तडकते). स्टायरीन दिसायला चकचकीत आणि वाजायला खराब असू शकते, सुई जुनी असेल तर खाचा लवकर झिजतात. रेडिओच्या प्रोमो कॉपींचं अजून एक, डीजे गाणं लावायला रेकॉर्ड मागेपुढे हलवायचे त्यामुळे पहिले काही सेकंद भाजल्यासारखे खरखरतात, बाकी गाणं स्वच्छ. विकणाऱ्याकडून सुरुवातीची क्लिप मागवून घ्या, देत नसेल तर सोडून द्या.

मागवणं आणि वाजवणं

भारतात बसून घेणार असाल तर पोस्टाचा खर्च रेकॉर्डपेक्षा जास्त होतो, वर कस्टम्स, त्यामुळे एकाच विक्रेत्याकडून एकदम पाच-दहा घ्या. आधी पॉपसाइक ह्या वेबसाइटवर जुन्या लिलावांचे भाव बघा, मागितलेला भाव आणि खरंच मिळालेला भाव ह्यात बराच फरक असतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये कोणी नातेवाईक असेल तर त्याच्या पत्त्यावर गोळा करून एकदम आणायला सांगा, सामानात ४५ ला फार जागा लागत नाही.

अमेरिकन ४५ चं मधलं भोक मोठं असतं, त्यासाठी अडॅप्टर लागतो, शंभर-दोनशेची वस्तू आहे, रेकॉर्डच्या आधी तीच घ्या. कोणी अमेरिकेतून जुना टर्नटेबल आणतो म्हणालं तर मोटर कसली आहे विचारा. जुन्या मशीनमधल्या बऱ्याच मोटरींचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलेल पण वेग नाही, ४५ ची रेकॉर्ड ३७ च्या आसपास फिरेल आणि अरेथा फ्रँकलिन पुरुषी आवाजात गायला लागेल. स्टायरीनसाठी साधी गोल टोकाची सुई ठेवा, सुईचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या भागाच्या) कागदावर लिहिलंय तेवढंच.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मायक्रोफायबर, लेबल कोरडं. स्टायरीनला अल्कोहोल लावू नका, आणि ५० च्या दशकातली आर अँड बीची ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) लाखेची रेकॉर्ड मिळाली तर तिला तर अजिबातच नाही, लाख विरघळते. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या टाळा, त्यांनी रेकॉर्डवर धुरकट थर बसतो, पॉलिथिनच्या घ्या. उभ्या ठेवा, खिडकीपासून लांब. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मूळ कागदी स्लीव्हना बुरशी धरते, तेव्हा जून लागायच्या आत रेकॉर्ड नव्या पिशवीत आणि कंपनीचं जुनं स्लीव्ह वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.