परदेशात भाड्याची गाडी जोरात हाणली, दंडाचं पाकीट गावात आलं: आता काय करायचं?

आमच्या सेतू केंद्रावर सकाळी सात-बारा, दुपारी पीक विमा, संध्याकाळी आधार असा दिवस जातो. आंबिया बहाराची तोडणी सुरू असताना वरुडकडचे एक संत्रा बागायतदार काका पाकीट घेऊन आले. वर इटलीचा शिक्का. "भाऊ, हे पाहा बरं काय आलं. पोरानं काही लफडं तं नाही केलं नं?"

लफडं काही नव्हतं. मुलगा पुण्यात नोकरीला. लग्नानंतर दोघं इटलीला गेले, तिथं भाड्यानं गाडी घेतली. पण लायसन अमरावती आरटीओचं, त्यावर पत्ता गावचा, आणि गाडी घेताना करारात तोच पत्ता चढला. कॅमेऱ्यानं नंबर टिपला, पोलिसांनी गाडीच्या मालकाला म्हणजे कंपनीला विचारलं, कंपनीनं करारातलं नाव-पत्ता दिला. असं ते पाकीट काकांच्या हातात पडलं. त्यानंतर अशी आणखी दोन-तीन प्रकरणं आली, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो.

पाकीट फेकू नका, तारीख लिहा

पत्र कोणत्या दिवशी हातात पडलं ते पाकिटावर पेनानं लिहा. पोस्टमननं सही घेतली असेल तर त्या सहीचीच तारीख. पुढची सगळी मुदत तिथून मोजली जाते. काकांनी पाकीट चुलीजवळच्या फळीवर ठेवलं होतं आणि केव्हा आलं ते सांगता येत नव्हतं. शेवटी काकूंनी सांगितलं, बाजाराच्या दिवशी आलं. म्हणजे दोन दिवस गेले होते.

हातात नेमका कोणता कागद आहे?

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. एकाच चुकीसाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात.

पहिली म्हणजे कार्डावरून कापलेली रक्कम. गाडी परत करून महिना-दोन महिने झाल्यावर अचानक तीस-चाळीस युरो जातात. हा दंड नाही. तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल गाडी कंपनीनं घेतलेली ही फी असते, आणि करारातल्या बारीक अक्षरात ती लिहिलेली असते. काकांचा मुलगा इथंच फसला. पैसे कापले गेले म्हणून त्याला वाटलं, विषय संपला. खरा दंड तेव्हा वाटेतच होता. ही फी सहसा परत मिळत नाही. एकाच नोटिशीसाठी दोनदा कापली असेल तर मात्र कंपनीला ईमेल करा, आणि दाद मिळाली नाही तर बँकेकडे तक्रार नोंदवा.

दुसरी गोष्ट म्हणजे चौकशीचं पत्र: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? ब्रिटनमध्ये याला २८ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. न देणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्याचा दंड १००० पौंडांपर्यंत जातो. तिथं १४ दिवसांत नोटीस द्यावी लागते असं वाचून काही जण खूश होतात. पण ते १४ दिवस गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी, म्हणजे इथं कंपनीसाठी असतात. तुमच्या हातात पत्र उशिरा पडलं म्हणून सुटका होत नाही. गाडी साळ्यानं चालवली असेल तर साळ्याचं नाव लिहा. गाडी स्वतः चालवून दुसऱ्याचं नाव टाकण्याची हुशारी मात्र करू नका, ते प्रकरण तिकडं कोर्टात जातं.

तिसरा तो खरा दंड. इटलीच्या कागदावर 'वेर्बाले' असा शब्द असतो, म्हणजे पंचनाम्यासारखंच समजा. त्यात गाडीचा नंबर, रस्ता, तारीख-वेळ आणि वेगाचे तीन आकडे असतात. काकांच्या कागदावर मर्यादा ७०, कॅमेऱ्यानं मोजलेला वेग ८९ आणि धरलेला वेग ८४ होता. इटलीत मोजलेल्या वेगातून ५ टक्के, पण किमान ५ किलोमीटर वजा करतात, म्हणून ८४. मर्यादेच्या वर १४. तिथं १० ते ४० किलोमीटर जास्त झाले की दंड १७३ युरोंपासून सुरू होतो. रात्री १० ते सकाळी ७ मध्ये सापडलात तर त्यावर एक तृतीयांश आणखी. टपालाचा खर्च वेगळा जोडतात.

खरं आहे का, ते ताडून पाहा

चलानच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल उघडून खातं रिकामं झालेले लोक आपल्याच तालुक्यात आहेत. तोच धंदा परदेशी दंडाच्या नावानंही चालतो. ईमेलमधल्या लिंकवर बोट ठेवण्याआधी भाड्याचा करार काढा आणि गाडीचा नंबर जुळवा. गाडी घेतल्याची आणि परत दिल्याची वेळ पाहा. नोटिशीतली वेळ तिकडची असते. इटली उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते, हिवाळ्यात साडेचार. त्या दिवशीचे मोबाइलमधले फोटो काढून पाहिले तरी माणूस कुठं होता ते कळतं. गाडी परत दिल्यानंतरची वेळ असेल तर करार आणि परतीची पावती जोडून हरकत घ्या, दंड तुमचा नाही. नोटीस वर्षभरानं आली म्हणून ती खोटी ठरत नाही. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पोचवायला इटलीत ३६० दिवसांची मुदत आहे.

लोक अदालतीची वाट पाहू नका

सगळं समजावून झाल्यावर काका म्हणाले, "आपल्या इकडं तं लोक अदालतीत अर्धे सोडतेत. थांबलो तं चालन नाही का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. समृद्धीवर १२० च्या वर गेलं की मोबाइलवर चलान येऊन पडतं, आणि आपण ते तसंच ठेवतो, कारण थांबलं की कमी होतं हा आपला अनुभव. तिकडचं गणित बरोब्बर उलटं आहे. इटलीत नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट, म्हणजे १७३ चे १२१ युरो. ६० दिवसांपर्यंत पूर्ण १७३. त्यानंतर थेट ३४७. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा आणि तुम्हीच हिशोब करा. काकांनी केला, आणि लगेच मुलाला फोन लावला.

बुडवलं तर काय होईल, हेही विचारलं जातं. इटलीचा शिपाई वरुडला येणार नाही, हे खरं. पण स्वित्झर्लंडमध्ये न भरलेल्या दंडाचे कोठडीचे दिवस होऊ शकतात, आणि ज्याला पुन्हा युरोपात जायचंय त्यानं विमानतळावर हा विषय का निघू द्यावा? माझ्या मते शंभर-दीडशे युरोंसाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

पैसे भरताना

कार्डानं भरणं सोपं. आधी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा, बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतात. जिल्हा बँकेच्या कार्डावर विसंबू नका, मुलाचं क्रेडिट कार्ड असेल तर ते वापरा. संकेतस्थळाचा पत्ता पत्रावरून हातानं टाइप करा. रक्कम रुपयांत दाखवू का, असं विचारलं तर नको म्हणा आणि युरोतच भरा, नाहीतर भाव चढा लागतो.

फक्त बँक खात्याचा क्रमांक दिला असेल तर काम किचकट होतं. तालुक्याच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायची सोय बहुधा नसते, अमरावतीला जावं लागतं. तिथं दोन गोष्टी नक्की सांगा: नोटिशीचा क्रमांक संदेशात टाका, आणि मधल्या बँकांचा सगळा खर्च आमच्याकडून घ्या. नाहीतर वाटेत पाच-दहा युरो कापले जातात, तिकडं रक्कम अपुरी पोचते आणि बाकीच्या पैशांसाठी पुन्हा कागद येतो. नोटिशीसोबत चालकाची माहिती मागणारा फॉर्म असेल तर तोही भरून पाठवा. नुसते पैसे भरून ते काम होत नाही.

दंड पटत नसेल तर

तर आधी भरू नका. इटलीत दंड भरला की अपिलाचा हक्क गेला. तिथं 'प्रेफेत्तो'कडे, म्हणजे आपल्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याकडे, ६० दिवसांत दाद मागता येते, पण अपील फेटाळलं तर किमान दुप्पट भरावं लागतं. जर्मनीत दंडाचा आदेश मिळाल्यापासून हरकतीला फक्त २ आठवडे मिळतात. गाडी तुमची नव्हतीच, वेळ जुळत नाही, असा भक्कम पुरावा असेल तरच या वाटेला जावं. 'पाटी दिसली नाही' हे कारण तिथं कोणी ऐकत नाही.

काकांच्या मुलानं पुण्यातून चौथ्या दिवशी रात्री कार्डानं पैसे भरले आणि पावती माझ्या ईमेलवर पाठवली. सकाळी काका प्रिंट न्यायला आले. कागद दोनदा उलटून पाहिला आणि म्हणाले, "लॅमिनेशन करून द्या." करून दिलं.

नऊ दिवसांनी ते पुन्हा आले, हातात दुसरं पाकीट. तोच रस्ता, तोच कॅमेरा, पोरगं त्याच संध्याकाळी परत येतानाचं. कॅमेऱ्यासमोरून जितक्यांदा जाल तितके दंड वेगळे. या वेळी पाकिटावर पेनानं तारीख लिहिलेली होती, आजचीच.